बाँड कड्यावरून उडी मारतो तेव्हा बँड का थांबतो?

टेपरेकॉर्डर (धागाकर्ता), शनिवार रात्री ११.५०

पावसाळा सुरू झाल्यापासून आमच्याकडे दर शनिवारी एक बाँडपट असा नेम चाललाय. १९६२ च्या 'डॉ. नो'पासून क्रमाने. चिरंजीव एकोणीस वर्षांचे. त्यांच्या लेखी १९९५ च्या आधीचं सगळं ब्लॅक अँड व्हाइट, रंगीत असलं तरी. पण भजी असली की बसतात.

आज दहावा, 'द स्पाय हू लव्ह्ड मी' (१९७७). सुरुवातीलाच बर्फातला पाठलाग. बाँड झालेला रॉजर मूर पिवळ्या सूटमध्ये, पाठीवर लाल पिशवी, मागे रशियन मारेकरी आणि साउंडट्रॅकवर मार्विन हॅम्लिशचा चक्क डिस्को. ढिणचाक ढिणचाक चाललंय, चिरंजीव हसतायत. मग कडा येतो. बाँड वळत नाही, थांबत नाही, सरळ कड्याबाहेर जातो आणि त्याच क्षणी वाद्यं गप्प. नुसता वारा. एक माणूस पडतोय, एक स्की सुटते, मग दुसरी, आणि तो पडतोच आहे. आमची सौ. झारा हातात घेऊन बाहेर आली, "आवाज गेला का टीव्हीचा?" तिचं वाक्य संपायला आणि पॅराशूट उघडायला एकच गाठ पडली. त्यावर भला मोठा युनियन जॅक, आणि बाँडची ती धून धाडकन.

चिरंजीवांनी फोन खाली ठेवला. मी तर म्हणतो हेच प्रशस्तिपत्र.

उडी खरी आहे बरं का. कॅनडाच्या बॅफिन बेटावरच्या माउंट असगार्डवरून रिक सिल्व्हेस्टर नावाच्या माणसाने खरोखर मारलेली. चित्रण जॉन ग्लेनच्या तुकडीचं, हाच पुढे १९८१ ते १९८९ सलग पाच बाँडपटांचा दिग्दर्शक झाला. नीट बघा, सुटलेली एक स्की उघडत्या पॅराशूटला घासून जाते. तिथे अडकली असती तर सिनेमाच काय, माणूसही राहिला नसता.

तर मुद्दा असा. दहा सिनेमे बघून मला वाटायला लागलंय, की या मालिकेतले सगळ्यात भारी ॲक्शन सीन म्हणजे संगीतकाराने हात मागे घेतलेले सीन. संगीतासाठी सगळं जग ज्यांना ओळखतं त्याच सिनेमांत हे असं. तुमचं मत? तुमचे आवडते सीन सांगा, नावडते तर नक्की सांगा.

उगाचच

पयला! भजी कसली? बटाट्याची असतील तर धागा वाचनीय, कांद्याची असतील तर संग्राह्य.

शाल्मली_मिक्स

धागा छान. मी मुंबईत साउंड पोस्टमध्ये (शूटिंगनंतर सिनेमाला आवाज लावतात तिथे) काम करते, त्यामुळे काकूंचा प्रश्न फार आवडला. पण एक दुरुस्ती. तिथे "काही नाही" असं नाहीये. थिएटरात खरोखर शून्य आवाज झाला तर लोक पडद्याकडे बघतच नाहीत, मागे वळून प्रोजेक्टरच्या खोलीकडे बघतात. म्हणून तिथे वारा लागतो. तोही लोकेशनवरचा असणं अवघड, कारण अशा शूटिंगला हेलिकॉप्टर घोंघावत असतं आणि तो आवाज कुचकामी असतो. वारा नंतर टेबलावर बसून लावायचा. किती बारीक, किती लांब, माणूस कॅमेऱ्यापासून दूर जातो तसा कितीने उतरवायचा, हे सगळं कुणीतरी हाताने ठरवतं.

दुसरं म्हणजे ती शांतता डिस्कोच्या जिवावर उभी आहे. कानाला एका पातळीची सवय लावायची आणि मग पायाखालची सतरंजी ओढायची. आधी ढिणचाक नसतं तर वारा नुसता वारा राहिला असता. त्यामुळे हॅम्लिशला हसू नका, पिशवी त्यानेच भरून दिली आहे.

पेटीवाला

धून "धाडकन" येते म्हणालात, पण त्या धुनेत आहे काय तेही बघू. परवा पेटीवर काढून पाहिली. षड्ज ई धरा. खाली जे हळूहळू सरकतं ते: पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत, परत कोमल धैवत. बस. चार पावलं, दोन पुढे आणि एक मागे. त्यावर गिटार: सा, मग चार वेळा रे, मग सा सा सा, पुन्हा सा, मग चार वेळा कोमल गंधार आणि उतरताना रे रे रे. पुढे शुद्ध निषाद, कोमल निषाद लागोपाठ. दोन्ही धैवत, दोन्ही निषाद, असे एकाला एक लागून! आमच्या गुरुजींसमोर वाजवलं असतं तर पेटी काढून घेतली असती. फार तर पिलू म्हणून खपवता येईल, पिलूला सगळं चालतं.

आता खरी गंमत. ही चाल माँटी नॉर्मनची, आणि ती मुळात बाँडसाठी केलेली नव्हतीच. व्ही. एस. नायपॉल यांच्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' या कादंबरीवर एक संगीत नाटक करायचं घाटत होतं. त्रिनिदादमधल्या भारतीय वंशाच्या माणसाची गोष्ट. त्यासाठी नॉर्मनने एक गाणं बांधलं होतं, आपण जन्मलो तेच अपशकुनी शिंक घेऊन, असं गाऱ्हाणं सांगणारं. शिंक! नाटक झालं नाही, गाणं खणात पडलं. 'डॉ. नो'ची वेळ आली तेव्हा त्याने ते बाहेर काढलं, सतारीच्या वळणाची चाल गिटारवर आणली. जॉन बॅरीने तिची मांडणी केली, ब्रास घातले, विक फ्लिकने गिटार वाजवली आणि पुढचा इतिहास सगळ्यांना पाठ आहे. ही धून मुळात कुणाची यावर पुढे भांडणंही झाली. बॅरीचीच आहे असं 'संडे टाइम्स'ने छापलं, नॉर्मनने बदनामीचा दावा लावला आणि २००१ मध्ये तो जिंकला, ३०,००० पौंड मिळाले.

माझी आजी निघताना कुणी शिंकलं तर चपला काढून परत बसायला लावायची. त्या शिंकेवर हा माणूस साठ वर्षं जग वाचवत फिरतोय.

उगाचच

म्हणजे पिलू हा रागांमधला भेळवाला. आणि पेटीवाले, आजींना म्हणावं, एक शिंक आली की बाँड, दोन आल्या की काढा.

आडकित्ता

मला धाग्याचा मूळ मुद्दाच पटलेला नाही. "संगीत नाही तेच भारी" ही हल्लीची फॅशन झाली आहे. टेपरेकॉर्डर साहेब, तुम्ही पाच आठवड्यांपूर्वी 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' (१९६७) पाहिला असणार. कोबेच्या गोदीतला सीन आठवा. बाँड गोदामाच्या छपरावर पळतोय, गुंड वर चढतायत, आणि कॅमेरा जवळ जायच्या ऐवजी मागे मागे, वर वर जातो. हेलिकॉप्टरमधून घेतलेला शॉट. माणसं मुंग्यांएवढी होतात. ठोसे दिसतात पण ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. तिथे बॅरीचं संगीत काढून टाका, काय उरतं? सीसीटीव्ही. त्या शॉटला मारामारी कोण बनवतं? बॅरी.

किंवा 'थंडरबॉल'मधली पाण्याखालची लढाई. पाण्यात ना संवाद, ना बंदुकांचा धड आवाज, माणसं स्लो मोशनमध्ये एकमेकांच्या नळ्या कापतायत. सगळं ओझं वाद्यांवर. ती लढाई लांबली आहे हे मान्य, पण तो दोष बॅरीचा नाही.

तुमचा नियम उलटा आहे. कॅमेरा लांब असेल तर संगीत हवं, जवळ असेल तर नको.

शाल्मली_मिक्स

आडकित्ता, शेवटचं वाक्य मी कामाच्या टेबलासमोर चिकटवणार आहे.

टेपरेकॉर्डर

कोबे मान्य. तो सीन मी विसरलो होतो असं नाही, सोयीस्कर बाजूला ठेवला होता.

पण तुमच्याच नियमाने 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' (१९६३) घ्या. ओरिएंट एक्स्प्रेसचा डबा, शॉन कॉनरी आणि रॉबर्ट शॉ. दोन धिप्पाड माणसं आणि हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढी जागा. आधी शॉ त्याला गुडघ्यावर बसवून कितीतरी वेळ बोलत राहतो. मग बाँडची सापळा लावलेली ब्रीफकेस उघडते, धूर होतो, आणि पुढे सगळं निळसर अंधारात. काच फुटते, बर्थ मोडतो, श्वास ऐकू येतात आणि गाडीची खडखड चालूच. संगीताचा एक सूर नाही. पीटर हंटचं संकलन असं की ठोसा लागायच्या आधीच कापतो, आपल्याला वाटतं लागला.

ज्याने सेकंड क्लासचा रात्रीचा प्रवास केलाय त्याला ती खडखड वेगळी समजवून सांगावी लागत नाही.

जुना_डोअरकीपर

'फ्रॉम रशिया'त बॅरीने स्वतःची अशी दुसरी एक धून आणली, तिचं नावच '००७'. ती विसरू नका. जिप्सींच्या तळावरची चकमक आणि रशियनांचं सांकेतिक यंत्र पळवतात तिथे वाजते. मूळ बाँड थीमसारखी दबा धरून बसणारी नाही, वरातीसारखी ऐटीत चालणारी. पुढे 'मूनरेकर'मध्ये ॲमेझॉनच्या बोटींना परत येते.

आता माझी आठवण. 'ऑक्टोपसी' (१९८३) आम्ही पुण्यात कॅम्पातल्या थिएटरात पाहिला. कॉलेजातून पळून, अर्थात. बाँड उदयपूरला बोटीतून उतरतो, घाटावर एक गारुडी बसलाय आणि तो पुंगीवर काय वाजवतो? बाँड थीम! ती खूण असते. गारुडी म्हणजे आपले विजय अमृतराज, टेनिसवाले. सगळं थिएटर उभं राहिलं, शिट्ट्या, नाणी, काय विचारू नका. पेटीवाल्यांची पोस्ट वाचून आज कळलं की ती धून पुंगीवर गेली म्हणजे बाहेरगावी शिकायला गेलेलं पोरगं सुट्टीत घरी आलं.

आणि मग तो रिक्षाचा पाठलाग. खिळ्यांची गादी, तलवार गिळणारा, निखाऱ्यांवर चालणारा, एका गल्लीत सगळा भारत. अमृतराज रॅकेटने गुंडांना हाणतात आणि बघ्यांच्या माना टेनिसच्या मॅचसारख्या डावीकडे-उजवीकडे. त्या वयात आम्ही पोट धरून हसलो. आता बघितलं तर थोडी लाज वाटते आणि तरी हसू येतं.

पण टार्झनची आरोळी मात्र तेव्हाही खटकली होती. बाँड जंगलात वेलीला लोंबकळून जातो आणि मागे "आऽऽऽ". मागे शिकारी लागलेत, हत्ती आहेत, जिवावर बेतलंय, आणि आवाजवाल्याला विनोद सुचतोय.

कांदेपोहे_डिलक्स

आरोळीवरून आठवलं, 'द मॅन विथ द गोल्डन गन'ची शिट्टी!! आदल्याच शनिवारी झाला असेल ना तुमचा? त्यावर गप्प का?

टेपरेकॉर्डर

जखमेवर मीठ चोळलंत. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. १९७४ चा सिनेमा. थायलंडमध्ये एका कालव्यावर मोडका पूल, मधला भाग गायब, उरलेली दोन टोकं पिरगळलेली. बाँड गाडी घालतो आणि गाडी हवेत स्वतःभोवती पूर्ण एक गिरकी घेऊन पलीकडे चार चाकांवर उतरते. ट्रिक नाही, खरी गाडी. वेग, वजन, उताराचा कोन आधी कॉम्प्युटरवर मांडून काढलेलं, तेही सत्तरच्या दशकात. चाकामागे बम्प्स विलर्ट, आणि एका टेकमध्ये फत्ते. तुम्ही सांगा, अशा शॉटला काय लावाल?

जॉन बॅरीने, होय, त्याच बॅरीने, तिथे खेळण्यातली शिट्टी वाजवली. फुईईईक! खाली-वर जाणारी, जत्रेत पोरं वाजवतात तसली. पुढे त्याला स्वतःलाही त्याचा पश्चात्ताप झाला. आमच्याकडे चिरंजीव म्हणाले, "ॲनिमेशन आहे ना हे?" एका शिट्टीने खऱ्या गाडीचं कार्टून केलं. मला त्या ड्रायव्हरचं वाईट वाटतं. घरच्यांना घेऊन प्रीमियरला गेला असेल तर?

आडकित्ता

शिट्टीची बाजू घ्यायला कुणी नाही म्हणून मी घेतो. आख्खा सिनेमाच थिल्लर आहे. गाडीत शेजारी तो पोट सुटलेला अमेरिकन शेरीफ बसलाय, त्याच्यासारख्या पाहुण्याला गंभीर संगीत कुठलं लावणार? बॅरीने सिनेमा जसा होता तसा वाजवला. तक्रार दिग्दर्शकाकडे करा.

(आणि हो, तरीही ती शिट्टी नको होती. वकिलाचं मत आणि अशिलाचं मत वेगळं असू शकतं.)

झुरिचकर

इथे स्वित्झर्लंडमध्ये बाँडची दोन तीर्थक्षेत्रं आहेत, दोन्ही करून आलोय, म्हणून लिहितो.

एक शिल्थोर्न. 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' (१९६९) मधला खलनायकाचा अड्डा. जवळजवळ ३,००० मीटरवर फिरतं रेस्टॉरंट, अजून फिरतंय. आईबाबा आले होते तेव्हा नेलं, बाबा म्हणाले, "डोंगर फिरतायत की आपण, तेवढं आधी सांग, मग चहा घेतो." या सिनेमाचं संगीत मला सगळ्या मालिकेत वरचं वाटतं. शीर्षकगीत नाहीच, शब्दांशिवाय नुसती धून, आणि खाली मूग सिंथेसायझरचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्याचा, खर्ज. रात्रीच्या स्कीच्या पाठलागाला तीच येते. दिग्दर्शक कोण? आधीच्या सिनेमांचा संकलक पीटर हंट. कापायची जागा त्याला ठाऊक होती.

दुसरं लोकार्नोजवळचं वर्झास्काचं धरण, 'गोल्डनआय'मधलं (१९९५). सिनेमात ते सोव्हिएत रशियातलं. उंची २२० मीटर, वेन मायकल्सने तिथून बंजी उडी मारली. हल्ली पैसे भरून पब्लिक मारतं. मी कठड्यापर्यंत गेलो, खाली पाहिलं आणि मारुतिस्तोत्र म्हणत परत आलो. वर उभं राहिल्यावर कानात फक्त वारं असतं. सिनेमात उडीच्या वेळी तसंच आहे, जवळजवळ शांतता. तेव्हा कळलं नव्हतं, तिथे उभं राहिल्यावर कळलं.

उगाचच

म्हणजे १९६९ लाच बाँडचं संगीत मूग गिळून बसलं होतं तर. धाग्याचा निकाल लागला, टाळं लावा.

शाल्मली_मिक्स

उगाचच, यासाठी दंड व्हायला हवा :-)

'गोल्डनआय'चा विषय निघालाच आहे तर रणगाडा घ्या. त्या सिनेमाचं संगीत एरिक सेराचं. थंडगार, धातूवर धातू आपटल्यासारखं, टिपिकल बाँड नाहीच. सेंट पीटर्सबर्गच्या रस्त्यांवरच्या रणगाड्याच्या पाठलागालाही त्याने तसंच काहीतरी दिलं होतं. निर्मात्यांना ते चालेना. मग जॉन ऑल्टमनकडून त्या सीनपुरतं नवीन संगीत करून घेतलं, पूर्ण ऑर्केस्ट्रा आणि मधोमध बाँड थीम. आता बघा: रणगाडा भिंत फोडून बाहेर येतो, वर धुरळा, बाँड झालेला ब्रॉस्नन टाय नीट करतो. तो टाय थीमशिवाय जमला नसता. टाय नीट करणं हा संगीताचाच भाग आहे.

आमच्या धंद्यात हे नेहमीचं. सगळ्यांना वेगळं काहीतरी हवं असतं, मिक्सच्या आदल्या रात्रीपर्यंत.

पेटीवाला

पण मला सेराची बाजूही थोडी कळते. त्याला बाँड थीम टाळायची होती असं दिसतं. ज्यांना ती वापरायचा हक्कच नव्हता त्यांचं काय झालं पाहिलंत ना? १९८३ मध्येच, 'ऑक्टोपसी'च्याच वर्षी, कॉनरी दुसऱ्या निर्मात्यांकडून 'नेव्हर से नेव्हर अगेन'मध्ये बाँड होऊन परतला. खरा कॉनरी! संगीत मिशेल लग्राँसारख्या बड्या माणसाचं. पण थीम नाही. कॉनरी दाराआडून डोकावतो आणि आपले कान वाट बघत राहतात. अमृतराज पुंगी फुंकतात आणि तो सिनेमा अस्सल ठरतो. माझा आपला संशय आहे की पुंगी मुद्दामच घातली असावी, त्या वर्षी जरा जास्तच ठासून.

मधली_आळी

टिमोथी डाल्टनच्या बाँडला कुणीच विचारत नाही म्हणून मी आले. 'द लिव्हिंग डेलाइट्स' (१९८७), बॅरीचा शेवटचा बाँडपट. त्यात नेक्रॉस नावाचा मारेकरी आहे, सतत कानात वॉकमन. दूधवाल्याच्या वेषात मोठ्या बंगल्यात शिरतो, वॉकमनच्या वायरीने गळे आवळतो. त्याच्या कानात प्रिटेंडर्स या बँडचं एक गाणं चालू असतं आणि पुढे बॅरी त्याच गाण्याची चाल घेऊन पाठलागाचं संगीत बनवतो. म्हणजे मारेकऱ्याच्या कानातलं गाणं सिनेमाच्या साउंडट्रॅकमध्ये गळतं. ती चाल आली की तो कुठेतरी जवळ आहे. चाळीस वर्षं होत आली, एवढी हुशार गोष्ट नंतर कुणी केली असेल तर दाखवा.

शेवटी मालवाहू विमानाच्या मागच्या दारातून जाळं लोंबतंय आणि त्यावर दोघांची मारामारी. माणसं खरी, विमान खरं, खालची जमीनही खरी.

आणि याच्या आदल्याच, 'अ व्ह्यू टु अ किल'मध्ये (१९८५) सैबेरियाच्या बर्फातून बाँड तुटलेल्या गाडीच्या पट्टीवर घसरत जातो आणि मागे कॅलिफोर्नियाच्या मुलींचं गाणं! डुरान डुरानचं शीर्षकगीत अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं, बाँडचं तसं पहिलंच. आणि त्याच सिनेमात हे.

कांदेपोहे_डिलक्स

मी डॅनियल क्रेगच्या बाँडच्या पिढीतली. माझ्यासाठी 'कसिनो रोयाल' (२००६) हाच पहिला, थिएटरात पाहिलेला. डेव्हिड अर्नोल्डने त्यात फार मोठा धीर धरलाय. थीम पूर्ण वाजवतच नाही. ख्रिस कॉर्नेलच्या शीर्षकगीताची चाल तुकड्या-तुकड्याने फिरवत राहतो. मादागास्करच्या पाठलागात सेबास्टियन फुकाँ भिंतीच्या फटीतून मांजरासारखा जातो आणि क्रेग भिंत फोडून जातो, तिथेही नाही. गाडी रस्त्यात बांधून टाकलेल्या वेस्परला, म्हणजे नायिकेला, चुकवायला वळते आणि सात वेळा उलटते, तिथेही नाही. (सात पलट्या, गिनीजमध्ये नोंद आहे, स्टंट ॲडम कर्लीचा.) मग सगळ्यात शेवटी, तळ्याकाठचा बंगला, पायात गोळी लागलेला मिस्टर व्हाइट पायऱ्यांवर सरपटतोय, क्रेग समोर येतो, नाव सांगतो आणि तेव्हा विक फ्लिकची ती गिटार. दोन तास वाट बघायला लावलं. आमच्या रांगेतली एक मुलगी आनंदाने खुर्चीवर उभी राहिली होती. मीच ती.

आडकित्ता

बघा, कांदेपोह्यांनी माझ्याच बाजूने साक्ष दिली. थीम आली म्हणून खुर्चीवर चढलात, शांततेसाठी कोणी खुर्चीवर चढत नाही.

बाकी पुढचाच 'क्वांटम ऑफ सोलेस' (२००८). सिएनातला पाठलाग असा कापलाय की कोण कुणाच्या मागे पळतंय ते दुसऱ्यांदा बघितल्यावर कळलं. पण एक सीन सोन्याचा. ब्रेगेंझचा तरंगता रंगमंच, त्यावर अवाढव्य डोळा, पुच्चिनीचा 'तोस्का' चालू. गोळीबार सुरू होतो आणि गोळ्यांचा आवाज काढून घेतलाय. माणसं पळतायत, काचा फुटतायत, ऐकू फक्त ऑपेरा. टेपरेकॉर्डर साहेब, इथे संगीत ठेवलं आणि आवाज काढला. तुमच्या थिअरीचं काय करायचं?

शाल्मली_मिक्स

तीच थिअरी, टोपी उलटी. तीन गोष्टी असतात: संगीत, आवाज, शब्द. तिन्ही एकदम वाजवल्या की कशालाच किंमत नाही. एकीला घरी पाठवायचं. कुणाला, तेवढाच प्रश्न.

जुना_डोअरकीपर

'स्कायफॉल'ची (२०१२) सुरुवातीची ट्रेनवरची मारामारी आधी भारतात करायची बोलणी चालली होती, गोव्याच्या बाजूच्या रेल्वेचंही नाव होतं. नाही जमलं. शेवटी तुर्कस्तानात, अदानाजवळच्या वर्दा पुलावर झाली. दर वेळी मांडवी एक्स्प्रेसने जाताना पुलावर डोकं बाहेर काढून बघतो आणि मनात थीम लावतो. आमच्या डब्यावर क्रेग नाही, पण वडापाववाला चढतो तोही काही कमी स्टंट नाही.

पेटीवाला

त्याच सिनेमातलं अडेलचं गाणं नीट ऐका, खाली ते चार पावलांचं सरकणं आहेच. पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत, कोमल धैवत. बाँडच्या गाण्याला मिळालेलं पहिलं ऑस्कर त्याचंच. शिंकेला ऑस्कर!

आणि संगीतकार हान्स झिमरचं 'नो टाइम टु डाय' (२०२१): त्यात १९६९ ची लुई आर्मस्ट्राँगची चाल परत येते, शेवटी तर आर्मस्ट्राँगचाच आवाज. ते गाणं केलं तेव्हा आर्मस्ट्राँग इतका आजारी होता की ट्रम्पेट दुसऱ्याने वाजवलं. दोन वर्षांत गेलाच. जगातला सगळा वेळ आपलाच आहे असं गाणारा.

टेपरेकॉर्डर, पुढचा शनिवार, रात्री १२.१५

आठवडाभर धागा चालला, धन्यवाद मंडळी. आज 'मूनरेकर' (१९७९) झाला. आडकित्तांना आनंद होईल अशी बातमी आहे.

सुरुवातीलाच बाँडला विमानातून ढकलतात, पॅराशूटशिवाय. हवेतच वैमानिकाच्या पाठीवरचं पॅराशूट ओढून घ्यायची मारामारी. हीसुद्धा खरी. जेक लोम्बार्ड आणि बी. जे. वर्थ, ८८ उड्या मारून दोन-दोन सेकंदांचे तुकडे जमवलेले, कॅमेरामनच्या हेल्मेटवर कॅमेरा. चिरंजीव आज स्वतःहून पुढे सरकून बसले होते. सौ. पण झारा घेऊन दारातच उभी, कारण आता तिला माहीत आहे कुठे ऐकायचं.

मग तो लोखंडी दातांचा जॉज येतो, त्याच्या पॅराशूटची दोरी तुटून हातात, दोन्ही हात पंखांसारखे फडफडवतोय, खाली सर्कशीचा तंबू आणि लागला सर्कशीचा बँड. पीं पीं पीं.

सौ. म्हणाली, "हे आपल्या गणपतीत वाजतं," आणि आत गेली. चिरंजीवांनी फोन उचलला.

पुढच्या शनिवारी 'फॉर युअर आइज ओन्ली'. पिवळ्या टू-सीव्ही गाडीचा पाठलाग आहे, संगीत बिल काँटीचं. बटाटे संपलेत, कांदा आणून ठेवलाय.